अव्यभिचारिणी भक्ती : एका शब्दाचा अर्थविचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात श्रीकृष्ण चक्रवर्ती अर्जुनाला ज्ञानाची लक्षणे सांगतात. अमानित्व, अदंभित्व येथून आरंभ करून ते क्रमाने भक्तीपर्यंत येतात आणि तेथे भक्तीला 'अव्यभिचारिणी' असे विशेषण लावतात. हा दहावा श्लोक होय. ज्या प्रतींत अर्जुनाचा प्रश्नश्लोक धरलेला असतो त्यांत तो अकरावा येतो. आपल्या पंथात अनन्यभक्तीचे निरूपण करताना हे पद वारंवार घेतले जाते. परंतु त्याचा अर्थ सांगताना बहुतेक निरूपणकार एकाच दृष्टांतावर थांबतात. पतिव्रता आणि व्यभिचारिणी यांचा तो दृष्टांत. पतिव्रता जशी एका पतीवाचून दुसऱ्याकडे पाहत नाही, तसे भक्ताने परमेश्वरावाचून अन्य देवतेकडे पाहू नये. जो पाहील तो व्यभिचारी. मीही अनेक वर्षे असेच सांगत आलो. दृष्टांत खोटा नाही. पण तो शब्दाचा अर्थ नव्हे, आणि दृष्टांतालाच अर्थ मानल्याने काय होते ते मला एका प्रसंगाने कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका गावी चातुर्मासात निरूपणाचा योग आला होता. त्या दिवशी हेच पद निघाले आणि मी नेहमीच्या आवेशाने दृष्टांत मांडला. सभा उठल्यावर एक वयोवृद्ध वासनिक बाई मागे थांबल्या. त्यांच्या सुनेचे माहेर पंथाबाहेरचे. नातू तापाने आजारी होता, तेव्हा व्याह्यांनी गावच्या देवीची पूजा मांडली. चारचौघांत विहिणीने यांच्या हाती नारळ दिला आणि यांनी तो पुढे केला. एवढे सांगून त्या म्हणाल्या, "बाबा, मंग म्या बी तशातलीच म्हनायची का? चाळीस वर्सं झाली उपदेश घेऊन." मी त्यांना प्रायश्चित्त सांगितले आणि वाटेस लावले. त्या गेल्या, पण 'तशातली' हा शब्द काही माझ्या कानांतून गेला नाही. शास्त्रातील एका पदाचा अर्थ मी असा सांगितला होता की एका म्हातारीला आपण कुलटा झालो असे वाटावे.

आता शब्दाकडे वळू. 'व्यभिचार' शब्दात 'चर्' हा धातू असून 'वि' आणि 'अभि' असे दोन उपसर्ग आहेत. 'चर्' म्हणजे चालणे, हिंडणे, वागणे. मराठीत या एका धातूचे केवढे कुटुंब नांदते पाहा : आचार, विचार, संचार, प्रचार, उपचार, परिचारक, चराचर. आपल्या सूत्रपाठातील 'आचार' आणि 'विचार' या दोन्ही प्रकरणांची नावे याच घरची. तेव्हा चालण्यात स्वतःचा असा काही दोष नाही. श्रीचक्रधर स्वामींनी तर संन्यस्तांना अटनच विहित केले. एका ठायी रुतून बसणे हाच तेथे दोष. दोष येतो तो उपसर्गांच्या योगाने.

'अभि' म्हणजे कडे, समोर. अभिमुख या शब्दात तोच आहे. 'वि' म्हणजे वेगळे, निरनिराळे, दूर. एखाद्याकडे तोंड करून निघावे आणि मध्येच पाय भलतीकडे वळावा, अशी ही गती आहे. दोन उपसर्गांचा हा क्रम नीट ध्यानी घ्यावा, कारण त्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. 'अभि' नसेल तर 'वि'ला काही काम उरत नाही. जो अभिमुखच झाला नाही त्याचे ढळणे संभवत नाही. ज्याला परमेश्वराचे ज्ञान झालेले नाही, ज्याने उपदेश घेतलेला नाही, तो शेजारी आपल्या कुळाच्या देवतेची पूजा करतो. त्याला अज्ञानी म्हणा, पण व्यभिचारी म्हणता येणार नाही. हा शब्द दुसऱ्यावर फेकण्यासाठी घडलेलाच नाही. तो ज्याने तोंड वळविले त्याच्याविषयीचा शब्द आहे, म्हणजे तुमच्या-आमच्याविषयीचा.

अभिचार हा शब्दही येथेच आठवतो. शत्रूवर करावयाच्या जारणमारणादी कर्मांना वैदिक वाङ्मयात ते नाव आहे. तेथे 'अभि' अंगावर चाल करून जाण्याचा आहे. आपल्या प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध एवढाच, की उपसर्ग एकच असूनही शब्द किती दूर जातात ते दिसावे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, सातव्या अध्यायात, हाच शब्द पूर्णतः निर्दोष होऊन येतो. तेहतीस व्यभिचारी भाव तेथे सांगितले आहेत : निर्वेद, ग्लानी, शंका, चिंता, स्मृती इत्यादी. 'वि' म्हणजे विविध प्रकारे आणि 'अभि' म्हणजे रसाच्या अभिमुख होऊन जे चरतात ते व्यभिचारी, अशी व्युत्पत्ती भरत देतात. यांचेच दुसरे नाव संचारी. स्थायी भाव टिकून राहतो, हे येतात आणि जातात. आणि जाताना त्या स्थायीलाच पुष्ट करून जातात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द उच्चारताना यत्किंचितही लाज वाटत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्मृतिग्रंथांत मात्र शब्दाने वेगळी वाट धरली. मनुस्मृतीत पतीला सोडून वागणाऱ्या स्त्रीच्या संदर्भात तो येतो, एकदा पाचव्या आणि पुन्हा नवव्या अध्यायात, आणि तिला लोकनिंदा व पुढे कोल्ह्याची योनी सांगितली जाते. मराठीने शब्द उचलला तो मुख्यतः या अर्थाने. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हाच शब्द होता. आज कोणाही मराठी माणसासमोर तो उच्चारला की दुसरा अर्थ मनात येतच नाही. आणि मग गीता वाचतानाही तो मागाहून आलेला अर्थ आपण आधी बसवितो.

शब्दाचे खरे शास्त्रीय घर न्यायदर्शन आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष प्रमाणाच्या लक्षणातच 'अव्यभिचारि' असे पद आहे. भाष्यकार वात्स्यायन त्याचे प्रयोजन मृगजळाच्या उदाहरणाने समजावितात. उन्हाळ्यात तापलेल्या भूमीवर किरण थरथरतात आणि दूरच्या माणसाला पाणी दिसते. डोळा आहे, समोर वस्तू आहे, दोहोंचा संबंधही आहे. तरी झालेले ज्ञान वस्तूला सोडून भलतीकडे गेले. जे तसे नाही ते तसे म्हणून कळणे, हा ज्ञानाचा व्यभिचार. येथे पती नाही, पत्नी नाही, निंदाही नाही. ज्ञानाने आपल्या विषयाला धरून राहावे आणि ते राहिले नाही, एवढेच.

पुढे हेत्वाभासांत पहिलाच 'सव्यभिचार' येतो. सूत्रकार त्याला 'अनैकांतिक' म्हणतात; जो एका अंताला बांधलेला नाही, या बाजूलाही सापडतो आणि त्या बाजूलाही, असा हेतू. पाठशाळेत शिकविले जाणारे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियम टिकतो. तोच उलटा करून जेथे जेथे अग्नी तेथे तेथे धूर असे म्हटले तर तापलेला लोखंडाचा गोळा पुढे येतो. अग्नी आहे, धूर नाही. अग्नी हा धुराच्या बाबतीत व्यभिचारी ठरला. नियम मोडावयास असे एकच स्थळ पुरते. शंभर ठिकाणी धूर दिसला म्हणून काही तो सांधत नाही.

आता गीतेतील प्रयोग या अर्थाने वाचून पाहू. गीतेत हे विशेषण तीन ठिकाणी येते. तेराव्या अध्यायातील स्थळ वर आलेच. चौदाव्याच्या सव्विसाव्या श्लोकात अव्यभिचारी भक्तियोगाने जो सेवा करतो तो गुणांच्या पलीकडे जातो, असे सांगितले आहे. तिसरे स्थळ अठराव्या अध्यायात, तेहतिसाव्या श्लोकात आहे, आणि माझ्या मते निर्णय तेथेच होतो. तेथे विषय भक्तीचा नाही, धृतीचा आहे. मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया जी धारण करते ती सात्त्विक धृती, आणि तिला विशेषण 'अव्यभिचारिणी'. धृती म्हणजे धारणशक्ती. तिला पती कोण आणि परपुरुष कोण? पतिव्रतेचा दृष्टांत येथे लागूच पडत नाही. धरले ते न सोडणारी, आपल्या विषयापासून न ढळणारी, हाच अर्थ घ्यावा लागतो. तो तिसऱ्या स्थळी घ्यावा लागत असेल तर पहिल्या दोन स्थळीही तोच घेणे न्याय्य होय. एकाच वक्त्याच्या तोंडी एकच विशेषण आहे.

मग अव्यभिचारिणी भक्तीचा अर्थ असा होतो : जेथे जेथे भक्ती आहे तेथे तेथे तिचा विषय परमेश्वरच आहे, या नियमाला जिच्यात अपवाद नाही ती. तेराव्या अध्यायात याच्या जोडीला 'अनन्ययोग' हे पद आहे, त्याचे कारणही यावरून उमगते. 'अन्य' काढून टाकल्यावाचून अव्यभिचार सिद्ध होत नाही. आपल्या सूत्रपाठात 'अन्यव्यावृत्ति' हे स्वतंत्र प्रकरण केशिराजबासांच्या संकलनात आले आहे ते उगीच नव्हे. व्यावृत्ती म्हणजे वळविणे, वगळणे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे ओळखावे, देवतांची फळे मर्यादित आहेत व मोक्ष देणारा परमेश्वर एकच आहे हे जाणावे, आणि मग 'अन्य' आपोआप मागे पडावे. 'व्यभिचार' आणि 'व्यावृत्ति' या दोन्ही शब्दांच्या आरंभी तोच 'वि' आहे. पहिल्यात तो परमेश्वरापासून दूर नेतो, दुसऱ्यात अन्यापासून. देवतांचा द्वेष करावा असे याने कोठेही सांगितले जात नाही.

येथे बाहेरची मंडळी एक शंका नेहमी काढतात. तुम्ही श्रीकृष्ण चक्रवर्ती, श्रीदत्तात्रेय प्रभू, श्रीचक्रपाणी प्रभू, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर प्रभू अशा पाचांना भजता. मग तुमची भक्ती अनैकांतिक झाली नाही काय? उत्तर सोपे आहे. विषय पाच असते तर झाली असती. पंचकृष्ण हे एकाच परब्रह्म परमेश्वराचे अवतार आहेत. घट म्हटले, कलश म्हटले, म्हणून पाणी भरण्याचे भांडे बदलत नाही. विषय एक असता नामरूपभेदाने व्यभिचार होत नाही.

दुसरी शंका अधिक कठीण आहे आणि ती आपल्या आतली आहे. न्यायाच्या रीतीने एकाही अपवादाने नियम मोडतो, असे आपणच वर म्हटले. मग त्या वासनिक बाईने एकदा नारळ पुढे केला, एवढ्याने तिची भक्ती व्यभिचारिणी झाली की नाही? मी प्रथम होय म्हटले असते. परंतु नियमाचे स्वरूप नीट पाहावे. जेथे धूर तेथे अग्नी, हा नियम मोडण्यासाठी अग्नीवाचून धूर दाखवावा लागतो. विझलेली थंड चूल दाखवून तो मोडत नाही. तेथे धूरच नाही. त्याप्रमाणे भक्तीचा नियम मोडण्यासाठी परमेश्वरावाचून अन्यत्र भक्ती दाखवावी लागेल. हात पुढे झाला, डोके लवले, पण अंतःकरणात भक्ती नव्हती, नुसती विहिणीची भीड होती. तर ती थंड चूल. तो आचारातील दोष आहे, त्याचा विचार आचार प्रकरणाने करावा आणि प्रायश्चित्तही घ्यावे. पण त्याला भक्तीचा व्यभिचार म्हणणे म्हणजे अधिकरणच चुकविणे होय.

व्याकरणाकडूनही याला दुजोरा मिळतो. 'व्यभिचारिन्' शब्दाच्या अंती जो 'इन्' दिसतो तो णिनि प्रत्ययाचा मानला तर पाणिनींच्या मते तो ताच्छील्य सांगतो, म्हणजे शील, स्वभाव, सवय. आद्य शंकराचार्यांनीही तेराव्या अध्यायातील या पदाचा अर्थ देताना 'शील' हाच शब्द योजिला आहे : व्यभिचरण हे जिचे शील नाही ती. त्यांचा सिद्धांत आपल्याहून भिन्न आहे. पण पदाचा अर्थ पदाप्रमाणे लावण्यात ते चोख आहेत, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा. एकदा पाय घसरणे आणि घसरत्या वाटेनेच जाण्याची सवय असणे, यांत अंतर आहे.

परंतु याने कोणी फार निश्चिंत होऊ नये. हाच अर्थ दुसऱ्या बाजूने भारी धारेचा आहे. पतिव्रतेच्या दृष्टांताने आपण बाहेरचे वर्तन मोजत होतो : कोण कोणत्या देवळात गेला, कोणी कोणाचा प्रसाद घेतला. नव्या अर्थाने ते मोजमाप आत येते. एखादा मनुष्य आयुष्यात कोणत्याही देवतेच्या पायरीला लागला नाही. नित्य स्मरण करतो, स्थानांना नमस्कार करतो, देवपूजेला चुकत नाही. पण बसल्याबसल्या मनात चालले असते की यंदा कापसाला भाव यावा, कोर्टातील दावा आपल्या बाजूने लागावा. सातव्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकात भगवंतांनी अन्य देवतांकडे जाण्याचे कारण स्पष्ट सांगितले आहे. कामनांनी ज्यांचे ज्ञान हिरावून नेले ते तिकडे जातात. म्हणजे पाय मागाहून जातात, ज्ञान आधी जाते. ज्याची मागणी देवतेच्या फळाची आहे त्याचे तोंड परमेश्वराकडे असले तरी भक्तीचा विषय ते फळ झाले. येथे चूल थंड नाही; धूर भरपूर आहे, आणि अग्नी मात्र भलताच. आपल्या आश्रमांत असे बसणारे किती, आणि मी त्यांत कितीदा असतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी माझा मांडून पाहिला आणि त्यानंतर सभेत 'व्यभिचारी' हा शब्द उच्चारताना माझा स्वर उतरला, एवढे सांगणे पुरे.

स्मृतिस्थळात श्रीनागदेवाचार्यांचा प्रसंग आहे. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मनोदय दर्शविला तेव्हा आचार्यांनी त्यांना वारले. तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे कारण होते. आपण मराठीचा अभिमान सांगताना हा प्रसंग नेहमी सांगतो. परंतु म्हाताऱ्यांना नागवण्याचे मार्ग संस्कृताखेरीजही आहेत. शब्द मराठीत उच्चारला आणि अर्थ बाजारातला घेतला, तरी त्या मुकतातच.

साधारण दोन वर्षांनी त्याच गावी पुन्हा जाणे झाले. मी मुद्दाम तेच पद निरूपणास घेतले, आणि मागे सांगितलेला अर्थ अपुरा होता हे सभेपुढे कबूल केले. थंड चुलीचे उदाहरण दिले. त्या बाई पुढेच बसल्या होत्या. सभा झाल्यावर त्या पूर्वीप्रमाणेच थांबल्या. मला वाटले, आता यांचे ओझे उतरले असेल. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा, भिडंनं नारळ देला हे खरं. पन देता देता मनात आलंच होतं, की देवी, माह्या नातवाचा ताप उतरव. चूल थंडी नव्हती जी."

मी पुन्हा निरुत्तर झालो. मी त्यांच्यासाठी जी पळवाट शोधून आणली होती, ती त्यांनी स्वतःच बुजविली. आणि शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक कळला होता, कारण त्यांनी तो लगेच आपल्या मनाला लावून पाहिला. थोड्या वेळाने मी त्यांना नवव्या अध्यायातील तिसावा श्लोक सांगितला. जो अत्यंत दुराचारी असेल तोही अनन्य होऊन भजेल तर त्याला साधूच मानावे, असे भगवंत तेथे म्हणतात. आणि त्या 'सुदुराचार' पदातही हाच 'चर्' धातू आहे. जो चालतो तोच चुकतो, आणि परतायचे तेही चालूनच. त्यांनी विचारले, "मंग आता प्रायश्चित्त कोन्तं?" मी म्हटले, "आई, मागचे सांगितलेले पुरे झाले. आता जेव्हा ते मनात येईल तेव्हा तेथल्या तेथे नाम घ्यावे."

त्यांनी दंडवत घातला. उठताना पुन्हा थांबल्या. दुसऱ्या नातवाचे बारसे पुढच्या आठवड्यात व्याह्यांकडेच होते, जावे की न जावे हे त्यांना विचारायचे होते. जावे, असे मी सांगितले. नारळाचे ताट मात्र सुनेच्या आईच्याच हाती असू द्यावे.